चिखलदऱ्याचा वारा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत शिकवते. पाठीमागे मला सगळे ‘यादीबाई’ म्हणतात. सहल असो, संमेलन असो, नाहीतर वर्षाचे खडू असोत — माझ्या वहीत त्याची यादी असते, आणि एकदा लिहिलेलं मी विसरत नाही. शाळेत एखाद्या गोष्टीवरून वाद झाला तर लोक म्हणतात, बाईंना विचारा, बाईंना आठवत असेल.

चिखलदऱ्याला आमच्या शाळेची एक बैठी इमारत आहे. मुलींची शिबिरं तिथं होतात. अमरावतीच्या लोकांना तिथली थंडी म्हणजे मौज वाटते. पौषात ते तिथं राहिलेले नसतात. बर्फ पडत नाही, पण सकाळी गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं असतं, आणि बादलीतलं पाणी तोंडाला लावावंसं वाटत नाही. छपरावर मातीचे कवेलू होते. वानरांच्या टोळ्या त्यांवरून उड्या मारत जायच्या, म्हणून दरवर्षी अर्धे कवेलू बदलावे लागत. शेवटी कार्यकारी मंडळानं ठरवलं, कवेलू उतरवून टिना, म्हणजे लोखंडी पत्रे, टाकायच्या. काम माझ्याकडे आलं. यादी करणाऱ्याकडेच अशी कामं येतात.

मिस्त्रीचं नाव मीच सुचवलं. सुखदेव मिस्त्री, बडनेऱ्याचे. रेल्वेच्या शेडांवर टिना टाकण्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती, पण सगळी एका ठेकेदाराच्या हाताखाली. त्यांच्या घरानं बौद्ध धर्म स्वीकारला त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. मुलगी आमच्याच शाळेत, माझ्याच वर्गात. स्वतःच्या नावावरचं हे त्यांचं पहिलं काम. ते नीट झालं तर शाळेच्या नव्या सभागृहाचं छप्परही त्यांनाच द्यायचं, असं ठरलं होतं. त्या भरवशावर त्यांनी ठेकेदार सोडला होता.

पहिल्या दिवशी सकाळी, वर चढण्याआधी त्यांनी मला विचारलं, “बाई, एक सांगा. इथचा वारा कोनीकडून येते?”

मला या प्रश्नाची गंमत वाटली, म्हणून कारण विचारलं. त्यांनी जमिनीवर दोन टिना ठेवून दाखवलं. एका टिनेची कड दुसरीवर चढवावी लागते. वरच्या टिनेची ती कड वाऱ्याच्या पाठीला हवी. कड वाऱ्याच्या तोंडाला आली, तर वारा तिच्याखाली बोटं घालतो. म्हणून वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकापासून सुरुवात करायची. किती साधी गोष्ट, आणि मी इतकी वर्षं टिनांखाली राहूनही कधी वर पाहिलं नव्हतं!

आणि मी म्हटलं, “पश्चिमेकडून.”

का म्हटलं? चिखलदऱ्याला मी तोवर गेले होते ती मे महिन्यात. वऱ्हाडात पावसाचा वारा पश्चिमेचा, हे आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. पण त्यांनी विचारलं होतं ‘इथचा’. डझनभर पेन्सिली घ्यायच्या तरी तीन दुकानांत भाव विचारणारी मी — पंधरा पावलांवर चौकीदार बसला होता, जन्म तिथंच काढलेला. त्याला विचारायला कितीसा वेळ लागला असता? मिस्त्रींचे चार गडी माझ्याकडे बघत उभे होते. मी वही हातात घेऊन उभी होते. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्या वेळी कुठं गेले, हे मी पुष्कळदा शोधून पाहिलं आहे.

“पक्कं ना, बाई? एकदा टिनाले भोकं पडले का मंग मांगं फिरता येत नाही.”

“पक्कं,” मी म्हटलं, आणि वहीत लिहूनही टाकलं: वारा — पश्चिम. मिस्त्रीला सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धं छप्पर झालं होतं. चौकीदार सानू बराच वेळ मान वर करून बघत होता. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, “बाई, ये तो उलटा लगा रहे. थंडी की हवा उधरसे आती.” त्यानं दरीकडे बोट दाखवलं. दरी पूर्वेला होती. “पूस में घर हिलता है.”

मी म्हटलं, “सांगते त्यांना.”

मिस्त्रींनी वरून बोलणं पाहिलं असावं. आढ्यावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “काय म्हणून राह्यला सानूभाऊ?”

“चहाचं विचारतो आहे,” मी म्हटलं.

“मंग होच म्हणा, बाई. चहाले नाई कोन म्हनते?” गडी हसले. मीही हसले.

त्या क्षणी डोक्यात काय होतं, ते मी तुम्हाला क्रमानं सांगू शकते. टिनांसाठी तेव्हा सरकारी परमिट लागायचं, ते मिळवायला सहा महिने गेले होते. भोकं पडलेल्या टिना फिरवून बसवल्या तर गळणार. पौषातलं शिबिर दीड महिन्यावर आलेलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण यांतली एकही मी मिस्त्रींना सांगून पाहिली नाही. त्यांना कदाचित उपाय सुचला असता — जास्तीचे हुक, कडेवर लोखंडी पट्टी — मला काय ठाऊक? ते काम त्यांचं होतं. त्यांना सांगायचं तर आधी एवढंच म्हणावं लागलं असतं, की काल मी चुकीचं सांगितलं. तेवढं मला करायचं नव्हतं.

पौषात मी बत्तीस मुली घेऊन तिथं गेले. तिसऱ्या दिवशी सकाळपासून दरीतून वारा सुटला. दुपारी मुली जेवायला बसल्या होत्या. वरून आधी नुसती थरथर ऐकू आली, मग फाडल्यासारखा लांबलचक आवाज. पूर्वेच्या टोकाची टिन उभी राहिली आणि गेली. तिच्यामागून दुसरी. मी मुलींना ओळीनं मागच्या दारानं बाहेर काढलं, सानूच्या झोपडीत नेलं, नावं वाचून हजेरी घेतली. कुणाला खरचटलंही नाही. अकरा टिना गेल्या. काही दरीत सापडल्या, काही सापडल्याच नाहीत.

मंडळाच्या सभेत पहिला ठराव माझ्या अभिनंदनाचा झाला. प्रसंगावधानाबद्दल. मग मिस्त्रींना आत बोलावलं. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. ते येण्याआधीच एक सभासद म्हणाले होते, “मी तेव्हाच बोललो होतो, या लोकांना काम देऊ नका.” ‘या लोकांना’ म्हणताना त्यांनी आवाज थोडा खाली घेतला होता, आणि कुणीही त्यांना ‘म्हणजे कोणाला’ असं विचारलं नव्हतं. मीही नाही. उलट मला हायसं वाटलं. हे सांगायला अवघड जातं आहे, पण तसंच झालं — दोष कुणाकडे जाणार ते आधीच ठरलेलं होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

मिस्त्री म्हणाले, “साहेब, मी बाईले इचारूनच टिना टाकल्या. बाई पश्चिम म्हणल्या. इचारा त्याईले.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वही मांडीवर मिटलेली होती.

“असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर निदान शंका घेतली गेली असती. यादीबाईंना आठवत नाही, म्हणजे ते झालंच नाही.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी वस्तू हातात घेऊन, ही कशाची बनली असेल, असं बघतात ना — तसं. मग म्हणाले, “असन. बाईले हजार कामं राह्यतात.” हात जोडले आणि गेले.

सभागृहाचं काम दुसऱ्याला मिळालं. सुखदेव मिस्त्री पुन्हा त्याच ठेकेदाराकडे गेले, पण मिस्त्री म्हणून नाही. तिथं आता दुसरा मिस्त्री होता. त्यांची मुलगी मॅट्रिकपर्यंत माझ्या वर्गात होती. रोज सकाळी “नमस्ते, बाई” म्हणायची. घरी त्यांनी तिला सांगितलं होतं का? तिच्या चेहऱ्यावर मी तीन वर्षं ते शोधलं. तिचे पेपर मी दोनदा तपासायची. बडनेरा अमरावतीहून असं कितीसं लांब आहे? मी गेले नाही.

त्या सभेनंतरच्या उन्हाळ्यात चिखलदऱ्याचं छप्पर नव्यानं करायला अकोल्याहून एक मिस्त्री आणले. ते टिना उतरवून घेत होते. त्यांनी अजून काहीच विचारलं नव्हतं, तोच मी पुढं होऊन सांगितलं, “इथं थंडीतला वारा दरीकडून येतो. पश्चिमेपासून सुरुवात करा.”

ते म्हणाले, “बाईले कामाची लय माहिती दिसते.”

मी म्हटलं, “हो.”

ते छप्पर अजून पक्कं आहे.