श्वेताच्या आईची साक्ष

"सगळीकडे शून्य," हेलन म्हणाली आणि तिने लॅपटॉपचा स्क्रीन आमच्याकडे वळवला.

मंगळवारची टीम मीटिंग होती. हेलन आमच्या क्लिनिकमधली स्पेशालिस्ट नर्स, मार्टिन मॅनेजर आणि मी सायकिॲट्रिस्ट. नॉटिंगहॅममध्ये मोठ्या माणसांच्या एडीएचडीचं निदान करणं हे आमचं काम. आमची वेटिंग लिस्ट इतकी लांब आहे, की नाव घालताना लोक तरुण असतात आणि नंबर लागेपर्यंत त्यांना चष्मा लागतो. अपॉइंटमेंट चुकवली तर नाव लिस्टमधून निघतं. ज्यांच्या काही लक्षात राहत नाही त्यांच्या क्लिनिकला हा नियम कोणी लावला, ते मला अजून समजलेलं नाही.

"कोणाला शून्य?" मार्टिनने विचारलं.

"श्वेताला. आईने दिलंय."

श्वेता, म्हणजे आपण तिला श्वेता म्हणू, मूळची नागपूरची. वय पस्तीस. इथल्या एका इन्शुरन्स कंपनीत डेटा ॲनालिस्ट. ऑफिसने तिला परफॉर्मन्स प्लॅनवर टाकलं होतं. परफॉर्मन्स प्लॅन म्हणजे नोकरी जाण्याआधीची सभ्य पायरी. तिचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला, आणि नवऱ्याचा व मुलाचा तिच्या व्हिसाला. नोकरी गेली तर थोड्याच आठवड्यांत दुसरी कंपनी शोधायची, नाहीतर तिघांनी सामान बांधायचं. निदान झालं, तर ऑफिसला कामाच्या पद्धतीत काही बदल करून द्यावे लागतात. कायद्याने त्यासाठी निदान हवंच असं नाही. पण एचआरला कागद आवडतो.

तिची मुलाखत मी घेतली होती. ती एक दिवस आधीच आली.

"तुमची अपॉइंटमेंट उद्या आहे," रिसेप्शनवर सांगितलं.

"अरे देवा. मग मी ऑफिसमधून आज सुट्टी का घेतली?"

त्या दिवशी एक पेशंट आला नव्हता, म्हणून मी तिला आत घेतलं. बसल्या बसल्या तिने अर्ध्या तासात अंगठी तीनदा काढली आणि दोनदा घातली. तिसऱ्या वेळी ती खुर्चीखाली सापडली.

"मॅडम, मी आळशी आहे असं सगळे म्हणतात. आता मलाही पटलंय," ती म्हणाली. "फक्त नोकरी जाऊ नये, एवढं बघा."

"नोकरीचं मी बघत नाही. निदानाचं बघते."

बोलता बोलता तिने सांगितलं, की मुलगा झाला तेव्हा आई सहा महिने येऊन राहिली होती, आणि ते सहा महिने घर आणि ऑफिस दोन्ही सुरळीत होतं. आई परत गेली आणि गाडी रुळावरून घसरली. मी ते लिहून घेतलं. थायरॉइड, झोप, रक्तातलं लोह, डिप्रेशन, सगळं तपासून झालं होतं. त्यात काही निघालं नाही.

आता थोडं तांत्रिक. एडीएचडी म्हणजे लक्ष हवं तिथे हवा तेवढा वेळ न टिकणं, आणि काहींच्या बाबतीत शरीरही एका जागी न टिकणं. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. पण हा प्रकार तिशीत सुरू होत नाही. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधी दिसलेली असावी लागतात. नाहीतर थकलेली प्रत्येक आई आणि प्रत्येक कंटाळलेला ॲनालिस्ट आमच्या दारात उभा राहील. पस्तिशीच्या माणसाला स्वतःची चौथी नीट आठवत नाही. म्हणून ज्याने त्याला लहानपणी पाहिलंय त्याला विचारावं लागतं. याला आम्ही कोलॅटरल म्हणतो. साध्या भाषेत, साक्ष.

आमच्याकडे वाटणी ठरलेली आहे. पेशंट डॉक्टरने बघायचा, साक्ष नर्सने घ्यायची. डॉक्टरला पेशंटच्या आईची भाषा येते म्हणून वाटणी बदलत नाही. हेलनने नियमाप्रमाणे फोनवर दुभाषी घेतला आणि नागपूरला फोन लावला.

"वस्तू हरवायची का? कधीच नाही," हेलन वाचत होती. "विसरायची का? कधीच नाही. अभ्यासाला बसायची का? नेहमी. अतिशय हुशार, मोठ्यांचा मान ठेवते, स्वयंपाक उत्तम करते. हे शेवटचं मी विचारलं नव्हतं."

"मग झालं तर," मार्टिन म्हणाला. "लहानपणी लक्षणं नाहीत म्हणजे एडीएचडी नाही. ॲन्झायटी लिहा आणि तिच्या फॅमिली डॉक्टरकडे परत पाठवा. पुढचं?"

"थांब," मी म्हणाले. "अठराच्या अठरा प्रश्नांना शून्य?"

"हो."

"असं मूल जगात नाही. माझ्या दोन्ही मुलांना एवढं कमी मिळणार नाही, आणि त्यांना काही झालेलं नाही."

"म्हणजे ती बाई खोटं बोलतेय?"

"नाही. ती स्थळाची माहिती देतेय."

हे त्यांना समजावून सांगायला पाच मिनिटं गेली. आपल्याकडे मुलीबद्दल परक्या माणसाने चौकशी केली, की आईच्या तोंडून एकच गोष्ट बाहेर पडते. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या आईने मला भरतकाम येतं असं सांगितलं होतं. मला शर्टाचं बटण लावता येत नाही. सासूबाईंनी ते कधी मनावर घेतलं नाही, कारण त्यांनीही मुलाबद्दल बरंच काही सांगितलं होतं.

"मला पुन्हा फोन करायचाय. मी स्वतः करीन."

मार्टिनने पेन खाली ठेवलं. "हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार का?"

आक्षेप योग्य होता. मी पेशंटच्या बाजूची मराठी बाई, तिची नोकरी टांगणीला, आणि मला संशय आधीच आलेला. अशा वेळी आपण प्रश्न विचारत नाही, उत्तर भरवतो.

"हेलन शेजारी बसेल," मी म्हणाले. "मी लक्षणांचा एकही शब्द आधी उच्चारणार नाही. दुसरी बाजू निघाली तर तीही लिहीन. त्यातून काही निघालं नाही, तर एडीएचडी नाही असं पत्र मीच देईन."

श्वेताची परवानगी घेतली आणि गुरुवारी सकाळी फोन लावला. नागपुरात दुपार होती.

"नमस्कार. मी श्वेताच्या क्लिनिकमधली डॉक्टर बोलतेय."

"अगं बाई, मराठी!" मग लगेच आवाज सावध झाला. "त्या दिवशी सांगितलं नं सगळं. पोट्टी फार गुणी आहे माझी."

"वाचलं मी. आज मला तिच्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल विचारायचंय."

"माझ्याबद्दल? मला काय झालंय?" मग जरा थांबून, "आधी एक सांगा मॅडम. तुम्ही कौन्सिलच्या तर नाही नं?"

"नाही. का?"

"आमच्या कॉलनीत एकांचा मुलगा आहे तिकडे. ते सांगून राहिले होते, घरात पसारा दिसला तरी कौन्सिलवाले लेकरू उचलून नेतात म्हणे."

"पसाऱ्यासाठी नेत नाहीत. तसं असतं तर माझी दोन्ही नेली असती."

ती हसली नाही. "मग त्या बाईंनी पहिलाच प्रश्न कसा विचारला, की हिच्या विसरण्यामुळे मुलाला कधी धोका झाला का? आता असं विचारल्यावर कोणती आई सांगेल की माझी मुलगी विसरते?"

मी फोन म्यूट करून हेलनला सांगितलं. हेलनने फॉर्म उघडला. धोक्याचा प्रश्न खरंच सगळ्यात वर होता. तो आम्ही सगळ्यांना विचारतो आणि त्याबद्दल कोणी कधी तक्रार केलेली नाही. लोक फक्त खोटं बोलतात.

मी म्यूट काढलं. "खरं सांगते. मुलाला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही, तो आमचा नियम आहे. पण तसं काही दिसलेलं नाही. मला श्वेताला नेमकं काय होतंय ते शोधायचंय."

"काय होतंय तिला? नोकरीचं काही आहे का?"

"ते मी सांगू शकत नाही. तिलाच विचारा."

"म्हणजे आहे."

मी वहीचं नवं पान उघडलं.

"सांगते मी. पण लिहू नका हं."

"लिहिणार. त्यासाठीच फोन केलाय."

पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता. तिने तो बंद केला.

"विचारा," ती म्हणाली.

"श्वेता चौथीत होती तेव्हाचा तुमचा एक दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून."

यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही. सकाळी आई श्वेताला तीनदा उठवायची. एक बूट सापडेपर्यंत दुसरा जायचा, म्हणून रात्रीच बुटांची जोडी नाडीने बांधून दाराला अडकवायची. "मधल्या सुट्टीत मी रोज शाळेत जात होती. कधी डबा राहिला, कधी वही, कधी स्वेटर आणायला. गेटवरचा शिपाई विचारायचा, काय काकू, आज काय राहिलं?" संध्याकाळी अभ्यास. आई पुस्तक मोठ्याने वाचायची आणि श्वेता खोलीभर फिरत उत्तरं द्यायची. बसवली की डोकं बंद. "चौथीचा इतिहास अजून पाठ आहे माझा, विचारा कुठलाही धडा."

मी विचारला नाही. चौथीचा इतिहास मला आठवत नाही.

"आणि ती स्कॉलरशिप! सहामाहीला गणिताचं मागचं अख्खं पान कोरं सोडून आली होती. म्हणून स्कॉलरशिपला मी तिच्या तळहातावर पेनाने लिहून दिलं, मागचं पान बघ. तर पर्यवेक्षकांना वाटलं कॉपी! हात धुवायला लावला."

"मग?"

"मग काय? सोडलं पान. हात धुतला नसता तर स्कॉलरशिप मिळाली असती."

तिच्या आवाजात पंचवीस वर्षांपूर्वीचा राग अजून ताजा होता. हेलन माझ्याकडे बघत होती. तिला मराठी येत नाही, पण समोरची बाई आता प्रमाणपत्र देत नाही एवढं तिला कळलं होतं. तिने कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं: भारतात सगळ्याच आया असं करतात ना?

करतात. पेच तोच होता. आई इतकं करते ते मुलाला गरज असते म्हणून, की आईला सवय असते म्हणून? नुसत्या या दिवसावरून निदान केलं असतं, तर अर्ध्या महाराष्ट्राला गोळ्या लिहून द्याव्या लागल्या असत्या.

"तुम्हाला अजून मुलं आहेत?"

"मुलगा आहे नं. हिच्याहून दोन वर्षांनी लहान."

"त्याच्यासाठी हे सगळं कसं करायचात?"

"त्याच्यासाठी?" तिला प्रश्न विचित्र वाटला. "त्याच्यासाठी कशाला करायचं? त्याचं दप्तर तो भरत होता. वेळ झाली की आपला अभ्यासाला बसायचा. त्याच्या शाळेचं गेट मी फक्त निकालाला पाहिलं. हिचंच करता करता दिवस जात होता, त्याला कोण बघणार?"

तेच घर, तीच आई, तशीच शाळा. एका मुलासाठी दाराला बूट बांधावे लागले आणि दुसऱ्यासाठी नाही. मी पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं आणि अठराही प्रश्न एकेक करून विचारले, आणि धोक्याचा सगळ्यात शेवटी. या वेळी शून्यं फार थोडी आली. चिडखोर होती का, भांडायची का, मध्येच तोडून बोलायची का, याला तिने ठाम नाही म्हटलं. तेही लिहिलं.

"पण मॅडम, हा काही आजार नाही हं," फोन ठेवताना ती म्हणाली. "लक्षच नसते पोट्टीचं."

"हो," मी म्हणाले. "तेच नाव आहे त्याचं."

पुढच्या मंगळवारी मार्टिनने सगळं ऐकून घेतलं, भावाबद्दल दोनदा विचारलं आणि होकारार्थी मान हलवली. श्वेताला बोलावून मी निदान सांगितलं.

"म्हणजे मी आळशी नाही?"

"ते मला माहीत नाही. त्याची तपासणी नसते. पण एडीएचडी आहे."

ती रडली. मी टिश्यूचा खोका पुढे केला आणि तिचं ब्लड प्रेशर घेतलं. गोळी सुरू करण्याआधी ते घ्यावंच लागतं.

नोकरी टिकली. चमत्कार वगैरे झाला नाही. ऑफिसने प्लॅनची मुदत वाढवली, कामं तोंडी न सांगता ईमेलवर द्यायला सुरुवात केली, आणि मोठ्या कामाला एकाऐवजी चार छोट्या तारखा दिल्या. गोळीने किल्ल्या सापडत नाहीत. किल्ल्यांसाठी दाराशी हूक ठोकावा लागतो. गोळीमुळे तो ठोकून पूर्ण होतो, एवढंच. काही महिन्यांनी प्लॅन बंद झाला. हेलनने आमच्या फॉर्मवर धोक्याचा प्रश्न वरून खाली आणला. त्याला तीन कमिट्यांची मंजुरी लागली.

फॉलोअपला श्वेता बरोबर दिवशी, बरोबर वेळेला आली. जाताना दाराशी थांबली.

"मॅडम, आई रागावली आहे तुमच्यावर."

"निदानामुळे?"

"नाही हो. ते तिने कॉलनीत सगळ्यांना सांगितलंय. तुमचा रिपोर्ट मी तिला मराठीत वाचून दाखवला. त्यात तुम्ही लिहिलंय, बालपणी आईचा पुरेसा आधार होता. ती म्हणते, एवढंच?"

ती गेल्यावर मी रिपोर्ट उघडला. खरंच एक वाक्य होतं. मी एका परिच्छेदाची पुरवणी जोडली. बूट, शाळेचं गेट, फिरत केलेला अभ्यास, तळहात. मार्टिनने विचारलं, बंद झालेल्या फाइलला पुरवणी कशासाठी? मी म्हटलं, क्लिनिकल कारणासाठी. ते खोटं नव्हतं.

मोठ्या माणसाचं निदान करताना त्याला काय जमत नव्हतं एवढं विचारून भागत नाही. त्याच्या जागी ते कोण करत होतं, हेही विचारावं. आणि उत्तर मिळालं की नीट लिहावं. रिपोर्ट घरी वाचले जातात.