कचेरीत निसटलेला शब्द

झाशीची जुनी कचेरी मला कधीच आवडली नाही. सत्तावनच्या गदरानंतर गोऱ्यांनी बांधलेली. भिंती दोन हात जाड, दगडी कमानी, आणि छत इतकं उंच की बोललेलं वर जाऊन परत अंगावर यायचं. हाताने ओढायच्या पंख्याच्या दोरीसाठी भिंतीत ठेवलेली भोकंसुद्धा तशीच होती. आमच्या घरात बजावून ठेवलेलं, तिथे मराठी बोलायचं नाही. गदरानंतर मराठी कानावर पडलं की राणीची माणसं म्हणून साहेब संशय घ्यायचे म्हणे. साहेब गेले, भीती मात्र मुक्कामालाच राहिली!

त्याच कचेरीत आईला साक्ष द्यायची होती. खंडेराव गेटापाशी आम्ही मायलेकी भाड्याने राहायचो. वडील गेलेले. वरच्या मजल्यावरच्या मालकाने दावा ठोकला, की ह्या बाई गुरसरायला माहेरी निघून गेल्या, खोल्या रिकाम्या पडल्यात, मला परत द्या. हरलो असतो तर सरळ रस्त्यावर.

एरवी आई बाजारात फाडफाड हिंदी बोलायची, भाजीवाले टरकून असत. पण साक्षीच्या कठड्यात उभी राहिली आणि एकेक हिंदी शब्द जुळवायला लागली.

जज्जसाहेबांनी साधंच विचारलं, "मकान-मालिक ऊपर रहते हैं। और आप?"

"जी, हमारा घर खाली है।"

अगं आई गं! हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मालकाचा वकील ताडकन उठला, "हुज़ूर, 'खाली' लिख लिया जाए!" छतानेही तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला. कारकुनाचा टाइपरायटर खडखडायला लागला.

मी मागून ओरडले, "नीचे! साहब, मराठी में खाली यानी नीचे!"

शिपाई माझ्या अंगावर धावून आला. जज्जसाहेबांनी आईकडे रोखून पाहिलं. "आप मराठी हैं?"

आई पांढरीफटक पडली. ह्याच इमारतीत, हाच प्रश्न! मग म्हणाली, "जी। मराठी हूँ। नीचे रहती हूँ। वहीं रहती हूँ।"

जज्जसाहेबांनी आधीचं वाक्य खोडायला लावलं. पुढे निकालही आमच्या बाजूने लागला.

निकालाच्या संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते. अंगणातून आईची हाक आली, "बेटा, नीचे आ!"

माझ्याशी ती कधी हिंदीत बोलायची नाही. मी वाकून म्हटलं, "हे काय गं? खाली ये म्हण की!"

तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मालकाच्या खिडकीकडे पाहिलं.