बीटच्या शेतात पडलेलं विमान

"पाहिलंत, की ऐकलंत?"

आमच्या बाईंचा हा पहिला प्रश्न. कुणीही धावत येऊन सांगावं, "बाई, प्रोग्रॅम अडकतोय," की चष्मा डोक्यावर सरकवून त्या विचारायच्या, "पाहिलंत, की ऐकलंत?" ऐकलं असेल तर माणूस आल्या पावली परत. एकदा खुद्द डायरेक्टरसाहेब म्हणाले, "क्लायंट फार खूश आहे म्हणे." बाई म्हणाल्या, "म्हणे म्हणजे? पाहिलंत?" साहेब हसले, पण फोन लावायला गेले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या हाताखाली असताना आपण वैतागतो आणि पुढे आयुष्यभर त्यांच्याच पद्धतीने वागतो.

सन दोन हजार उजाडायला वर्ष-दोन वर्षं होती. संगणक तारखा चुकवतील या भीतीने साऱ्या जगाला आमची गरज पडली होती. आमची कंपनी तेव्हा एरंडवण्यातल्या एका बंगल्यात होती, बेडरूममध्ये सर्व्हर आणि मोरीत स्टेशनरी. बाई टेस्टिंगच्या प्रमुख. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, नारायण पेठेत वडिलांसोबत, म्हणजे अप्पांसोबत राहायच्या, कायनेटिकवरून यायच्या. मी अकोल्याचा, वारज्यात तीन मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होतो. बाई मला नावाने कधी हाक मारत नसत. "अहो अकोला, इकडे या." पुढे मला त्या हाकेची इतकी सवय झाली, की कुणी खऱ्या नावाने बोलावलं तर मी वळून बघत नसे.

त्या वर्षी कंपनीने बाईंना आणि मला इंग्लंडला पाठवलं. एका विमा कंपनीचं काम, लिंकनशायर नावाच्या परगण्यात. मला लंडन हवं होतं. मिळाली सपाट जमीन, कोबी, बटाटे, बीट आणि वारा. नाव ऐकल्यावर बाईंनी मात्र नकाशा मागवून घेतला. विमानात बसल्यावर म्हणाल्या, "माझे काका तिथेच गेले. अप्पांचे थोरले भाऊ."

दुसरं महायुद्ध. बाईंचे काका एकवीस वर्षांचे, इंग्लंडला बॉम्बफेकी विमान चालवायला शिकत होते. एका संध्याकाळी विमान शेतात पडलं. आतले पाचही जण गेले. घरी तार आली, तेव्हा अप्पा दहा वर्षांचे होते. पेठेतले लोक चार दिवस हळहळले. मग कुणीतरी म्हणालं, "लढाईत कुठे? शिकताना पडला." ते वाक्य पुसलं गेलं नाही. अप्पा शाळेत "दादा लढाईत गेला" म्हणायचे आणि मुलं हसायची. आजीने घरात विमान हा शब्दच बंद केला. आता सहासष्टाव्या वर्षी अप्पांनी मुलीला निघताना एवढंच विचारलं होतं, "चूक दादाची होती का, तेवढं कळलं तर बघ."

दुसऱ्याच रविवारी आम्ही बसने त्या गावी गेलो. चर्चच्या आवारात काकांची पांढरी शिळा होती, गवत नीट कापलेलं. बाई तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या, रडल्या नाहीत. तिथेच एक निवृत्त मास्तर भेटले. युद्धात त्या परगण्यात कुठे कुठे विमानं पडली, हे शोधण्यात त्यांची म्हातारपणाची वर्षं चालली होती. त्यांच्या भिंतीवरच्या नकाशावर इतक्या टाचण्या होत्या, की मला वाटलं शेतागणिक एक विमान पडलं असावं. "निम्मी शत्रूने पाडलेली नाहीत," मास्तर म्हणाले. "धुकं, थकलेली इंजिनं आणि वीस वर्षांची पोरं."

काकांच्या विमानासाठी गाव त्या शरद ऋतूत दगड बसवणार होतं. मजकूर ठरला होता: वैमानिकाने गावची शाळा वाचवण्यासाठी विमान शेताकडे वळवलं. मास्तरांनी तो कौतुकाने वाचून दाखवला आणि म्हणाले, "तुम्ही घरच्या. तुमची संमती हवी."

मला भरून आलं. अप्पांना दुसरं काय हवं होतं? पेठेच्या तोंडावर मारायला यापेक्षा चांगलं काही मिळणार नव्हतं.

बाई म्हणाल्या, "शाळा कुठे आहे?"

आम्ही चालत निघालो. विमान पडलेलं शेत गावाच्या एका टोकाला, शाळा दुसऱ्या टोकाला. बाईंनी मास्तरांना विचारलं, "विमान कुठून आलं?" त्यांनी हात केला. "मग शाळा वाटेत येतेच कुठे?"

मास्तर ओशाळले. "बाई, प्रत्येक गावात अशी एक शाळा असते. लोकांना आवडतं. आणि गौरव तुमच्याच काकांचा आहे."

"आणि बाकीचे चौघे? ते काय नुसते बसून होते?"

चौकशी अधिकाऱ्यांनी तेव्हा काय ठरवलं होतं, तेही बाईंनी त्यांच्याकडून काढून घेतलं. एक इंजिन बंद पडलं, विमान फार खाली होतं आणि वैमानिक नवा होता. मुरलेला असता, तर कदाचित उतरवलं असतं. कदाचित. मी हळूच म्हणालो, "बाई, शाळेचं राहू द्या ना. अप्पांसाठी तरी." त्या माझ्याकडे वळल्या. "अहो अकोला, अप्पांना मी आजवर खोटं सांगितलेलं नाही. आता सुरुवात करू?"

शाळेची गोष्ट सांगणाऱ्यांत त्या शेताच्या मालकीणबाई होत्या, साठी ओलांडलेल्या. विमान पडलं तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही चहा घेत बसलो. त्यांनी शाळेची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. बाईंनी कप खाली ठेवला आणि त्यांना इंग्रजीत तोच प्रश्न विचारला, "पाहिलंत, की ऐकलंत?"

म्हातारीचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढणार.

"ऐकलं," ती म्हणाली.

"मग पाहिलं काय?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला होता.

तिने खिडकीतून शेताकडे बोट केलं. मग बोलली ते असं: "वडील आणि आई धावले, मी मागून. चौघे आधीच गेले होते. एक जण बाहेर फेकला गेला होता, तुमच्यासारख्या रंगाचा. तो जिवंत होता. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो सारखं एकच म्हणत होता, ‘आय, आय’. आम्हाला वाटलं, डोळा दुखतोय. तोंडावर काजळी होतीच. आईने ॲप्रन ओला केला आणि त्याचे डोळे पुसत राहिली. तो गप्प होईपर्यंत पुसत राहिली. मग मला म्हणाली, बिचाऱ्याच्या डोळ्यात काय गेलं होतं कोण जाणे."

इंग्रजीत आय म्हणजे डोळा. मी बाईंकडे बघितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता, आणि आमच्या ऑफिसात बाई कुणाला साधं शेकहँडही करत नसत.

"तो डोळा म्हणत नव्हता," बाई म्हणाल्या. "आमच्या भाषेत ‘आई’ म्हणजे मदर."

म्हातारीने दोन्ही हात तोंडावर घेतले. "देवा," ती म्हणाली, "आणि माझी आई तिथे होती."

दोघी मग एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मास्तरांनी आणि मी उगीचच कप विसळले.

बसथांब्याजवळ फोनची लाल पेटी होती. बाईंनी तिथूनच अप्पांना फोन लावला. मी बाहेर उभा होतो, दार अर्धवट उघडं. बाईंनी काही वगळलं नाही. इंजिन, खाली आलेलं विमान, नवखा हात. "हो अप्पा. थोडी चूक झाली असेलही त्यांची." मग अप्पा म्हणाले, ते बाईंनी मला नंतर सांगितलं, "एकवीस वर्षांचा होता गं." त्यावर बाईंनी त्यांना ओल्या ॲप्रनचं सांगितलं. अप्पांनी ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना बाईंचा आवाज खणखणीत झाला होता. फोन ठेवून बाहेर आल्या तेव्हा ताठ चालत होत्या, आणि मी बॅगा घेऊन मागे.

दुसऱ्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पेन्शनरांच्या कट्ट्यावर गेले. त्यांच्याच वयाची, त्याच शाळेतली दोन-तीन डोकी अजून तिथे होती. अप्पा बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "माझा दादा विमान शिकताना गेला. हो, शिकताना. परक्या देशात, एकवीस वर्षांचा, चार मित्रांबरोबर. आणि शेवटी त्याच्याजवळ एक आई होती." एकाने सरकून जागा करून दिली.

गावाने मजकूर बदलला. शाळा गेली. पाच नावं आली, एकाच मापाच्या अक्षरांत, आणि खाली एवढंच, की हे पाच जण शिकत असताना इथे पडले. दगड बसवायच्या दिवसासाठी अप्पांनी पासपोर्ट काढला; माझं काम संपून मी तोवर पुण्याला परतलो होतो. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी हवाई सुंदरीला विचारलं म्हणे, "पायलट किती वर्षांचा आहे?" कट्ट्यावरचं आणि हे, दोन्ही मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

पुढे आमची कंपनी हिंजवडीला काचेच्या इमारतीत गेली. बाईंनी घडवलेली पोरं जगभर पसरली. मीही आता पंधरा जणांचा प्रमुख आहे आणि पोरं मला कंटाळतात. अप्पा गेले. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी बाईही गेल्या, फार न रेंगाळता, त्यांच्या स्वभावाप्रमाणे.

मी घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने मला आतल्या खोलीतला फोटो दाखवला. मोकळं शेत, ढगाळ आभाळ, नवा दगड. एका बाजूला अप्पा, कुणाचा तरी मोठा कोट घालून, छाती काढून, सावधानमध्ये. दुसऱ्या बाजूला ती शेतकरीण, हसत, अप्पांची बाही धरून. मी फोटोत बाईंना शोधत राहिलो.

"ताई नाही त्यात," भाऊ म्हणाला. "फोटो तिनेच काढलाय."