उभी गाडी, चालू इंजिन

माझं लग्न दोनदा डिझेलवरून मोडलं. पत्रिकेवरून मोडलं असतं तर चारचौघांत सांगायला तरी बरं होतं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते आणि कमी डिझेलमध्ये जास्त गाडी पळवल्याबद्दल डेपोत त्यांना शाल-नारळ मिळाला होता. रिटायर झाल्यावर बस सुटली, सवय सुटली नाही. शेलूबाजारला आमच्या दारासमोर कोणी उभी गाडी चालू ठेवली की बाबा जेवणावरूनही उठत. पहिल्या पाहुण्यांना त्यांनी पोह्यांच्या आधीच सांगितलं की तुमच्या टायरात हवा कमी आहे, गाडी फुकट तेल पिते. दुसऱ्या मुलाच्या मामाला विचारलं, एवढ्या जवळून एवढी मोठी गाडी कायले आणली. दोन्हीकडून निरोप आला की विचार करून कळवतो. ते अजून विचारच करत आहेत.

तिसरं स्थळ अनसिंगचं होतं. मुलगा मुंबईपासून लांब, भर समुद्रात तेलाच्या रिगवर कामाला. दोन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी. फोटोत मला तो आवडला होता, खोटं कशाला सांगू. मी बाबांना बजावलं, या वेळी गाडीबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बाबांनी मान हलवली.

पाहुणे भाड्याच्या जीपने आले. ड्रायव्हरने ती लिंबाखाली लावली आणि चालूच ठेवून चहाच्या टपरीवर निघून गेला. मी पोहे दिले. बाहेर इंजिन घुरघुरत होतं आणि आत बाबांचा गुडघा हलत होता. मुलाचे वडील सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होते. बाबा शांतपणे उठले, बाहेर गेले. आवाज थांबला. बाबा आत येऊन पुन्हा जागेवर बसले, जीपची चावी शर्टाच्या खिशात टाकून. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता, तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

टपरीवरून ड्रायव्हर धावत आला. "गाडी कोनं बंद केली? बॅटरी बसेल हाये तिची. धक्क्याशिवाय चालू होत नाई, म्हनून तं चालू ठेवली होती."

बाबांनीच जाऊन चावी फिरवून पाहिली. जीपने नुसतं टक् केलं, बाबा चावी घेऊन परत येऊन बसले. मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मला इतका संताप आला की रडूही येईना.

मुलानेच विचारलं, "काका, काहून बंद केली?"

झालं. बाबांचं तोंड उघडलं. "उभ्या गाडीनं पेलेलं डिझेल कोनाच्या कामाचं? लोकं असं जाळून राह्यले म्हनून तुमाले समुद्रात भोकं पाडा लागतात. सगळ्यायनं गाडी नीट चालोली तं तुमच्या नोकरीची गरजच नाई."

होणाऱ्या जावयाशी असं बोलणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नसेल. मुलगा मात्र विचार करत होता. "खरं हाये काका. पन किती बी वाचोलं तरी एसटी पान्यावर नाई चालत. काढा तं लागंनच."

"आधी वाचवा. मंग काढा."

"दोन्ही संगंच करा लागते, काका. आमच्या तिथं तं तेलासंगं निंघनाऱ्या वायूचा एक दिवा चोवीस तास जळते."

"कायले?"

"तो विझला तं वायू साचते, धोका हाये. चालूच ठेवा लागते."

"उजेड कोनाले पडते त्याचा?"

"कोनालेच नाई."

बाबांनी खिशातली चावी चाचपली. प्रत्येक स्टँडवर इंजिन बंद करत त्यांनी नोकरी काढली होती. मला त्यांची दया आली, रागही तसाच होता. मग ते उठले, चावी ड्रायव्हरला दिली आणि म्हणाले, "सेकंडले टाक." स्वतः चप्पल काढून जीपला खांदा लावला. पाहुणेही कडक इस्त्रीच्या कपड्यांत धक्का द्यायला लागले. जीप हलेना, तेव्हा मी ट्रे ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि गेले. मुलगा थोडा सरकला, मला जागा दिली आणि हळूच म्हणाला, "टायरात हवा कमी हाये."

माझं तिथेच ठरलं. जीप सुरू झाली आणि पाहुणे न थांबता गेले. दुसऱ्या दिवशी होकार आला.

यंदा पावसाळ्यात समुद्रात वादळ उठलं तेव्हा मी माहेरी होते. नवरा रिगवर होता आणि फोन लागत नव्हता. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करत फिरणाऱ्या बाबांनी सकाळपासून टीव्ही चालू ठेवला होता. जेवण तसंच झाकलेलं होतं. दुपारी ते म्हणाले, "वाऱ्यानं विझत असंन का वं तो दिवा?"

"मला काय माहीत?" मी खेकसले. मला भीती वाटत होती.

"नाई विझला पायजे," बाबा म्हणाले. "जळू दे लेकाचा."

संध्याकाळी फोन आला. मी उचलायच्या आधीच तो बाबांनी घेतला. त्यांनी तब्येत विचारली नाही, जेवण विचारलं नाही. "दिवा?" एवढंच म्हणाले. "चालू हाये," पलीकडून उत्तर आलं. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि डोळे पुसत ओट्यावर गेले. दारात एक टेम्पो घुरघुरत उभा होता. बाबांना पाहताच ड्रायव्हरचा हात घाईने चावीकडे गेला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "राहू दे चालू."