चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. बाबांपाशीही नाही — आणि बाबांना तर मी सगळं सांगते, अगदी लॅबमध्ये कुणाशी भांडले तेसुद्धा. चार वर्षं झाली. तुम्हाला सांगायला बसलेय खरी, पण थेट मुद्द्यावर येणं जमेलसं वाटत नाही. जरा वळणं घेईन.

आधी तो हिवाळा सांगू द्या, कारण तो झकास होता. एका आयरिश नेत्यावरची मालिका तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. अर्धा देश ज्याला आपला माणूस म्हणायचा आणि अर्धा देश लबाड, असा नेता. इथे अमेरिकेत, बॉथेलला, कुलकर्णी काकूंच्या घरी दर रविवारी दुपारी तीनला आम्ही सात-आठ जण जमायचो. एपिसोड एक तासाचा, भांडण दोन तासांचं. काका म्हणायचे, असला माणूस मी आमच्या तालुक्यात बघितलाय, फक्त तिकडे पाऊस जास्त. काकू म्हणायच्या, तो वाईट असेल, पण शेजारच्या बाईचं नाव विसरत नाही, तुम्ही विसरता. कुणी पॉज करायचं, कुणी रिमोट हिसकावून घ्यायचं. आयर्लंड आमच्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं — पण काय त्वेषानं बोलायचो! आठवलं की अजून अंगात वारं शिरतं.

एकानंही म्हणजे — नोरा सोडून. नोरा काकूंची शेजारीण. सत्तरीची, स्कूल बस चालवून रिटायर झालेली, विशीत आयर्लंडहून इकडे आलेली. ती घरी भाजलेला सोडा ब्रेड आणायची. काकू तो लसणाच्या चटणीबरोबर वाढायच्या. नोराच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती आणखी चटणी मागायची.

आता माझ्याबद्दल. मी इचलकरंजीची. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. घरात गुलाबी कागदाचे गठ्ठे, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवरून. चौथीत ‘माझी सहल’ या निबंधाची सुरुवात मी ‘कामगार बंधू-भगिनींनो’ अशी केली होती. अशी मुलगी बॉथेलमध्ये गप्प बसेल? दुसऱ्याच रविवारी मी पत्रक काढलं. एक पान, गुलाबीच कागद, ‘प्रेक्षकांचा आवाज’. एपिसोड संपला की मी प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची, आपल्याला काय वाटलं ते लिहायचं, खाली नाव. मी आठवडाभरात ते जुळवायची, कॉपी काढायची आणि पुढच्या रविवारी वाटायची. काकूंनी पहिला अंक फ्रिजवर लावला. मराठी शाळेतले पालक मागून न्यायला लागले. आपण छापलेलं लोक उभ्या-उभ्या वाचताना बघणं — त्याची नशा तुम्हाला माहीत आहे का? मला होती.

बाबांचा पत्रकाचा एक नियम होता. कुणाचं नाव छापायचं असेल तर त्याचं म्हणणं पूर्ण छापायचं, आणि छापण्याआधी त्याला वाचून दाखवायचं. मागांच्या खडखडाटात, कामगाराच्या कानाशी तोंड नेऊन, त्याचंच म्हणणं त्याला ओरडून वाचून दाखवणारे बाबा मी बघितलेत. मी हा नियम इथे सगळ्यांना अभिमानानं सांगितला होता. हे लक्षात ठेवा.

आणि सई. काकूंची मुलगी, इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट. मराठी समजायचं, बोलायची मोडकं, लिहायला मात्र त्याच वर्षी माझ्याकडे शिकत होती, दर बुधवारी. नोराला मराठी येत नसल्यानं तिचं म्हणणं सई ऐकायची आणि मराठीत लिहून मला द्यायची. आधीच्या चिठ्ठ्या एका-एका ओळीच्या होत्या. चौथ्या एपिसोडनंतरची आठ ओळींची. सईनं आयुष्यात लिहिलेला पहिला मराठी परिच्छेद. ‘दवाखान्यात’ हा शब्द तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर लिहिलेला.

त्या एपिसोडमध्ये नेता एका गावाला वचन देतो की तुमची गिरणी बंद पडू देणार नाही, आणि ती बंद पडते. गिरणी! इचलकरंजीच्या मुलीसमोर! मी खुर्चीत बसूच शकले नाही. हा अंक पेटलेला निघाला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. मग नोराची चिठ्ठी उघडली. वरच्या चार ओळींत होतं की खरोखरच त्यानं आमच्या गावाला असंच फसवलं, माझे वडील त्या कामावरून घरी आले ते पुन्हा कुठे लागलेच नाहीत. आणि खालच्या चार ओळी — त्या मला नको होत्या. त्या पत्रकाला थंड करत होत्या.

मी त्या कापल्या. जागा पुरत नव्हती असं नाही. खाली दोन बोटं जागा उरली, तिथे मी आवळलेल्या मुठीचं चित्र काढलं.

नोराला वाचून दाखवलं का? नाही. ती पलीकडच्याच घरात राहत होती.

पुढच्या रविवारी काकूंनी कौतुकानं अंक हातात घेतला आणि नोराला तिचं म्हणणं इंग्रजीत करून सांगायला लागल्या. चार ओळी संपल्या. नोरा थांबली, आणखी येईल म्हणून. मग तिनं कागदाच्या खालच्या भागाकडे, त्या मुठीकडे बोट दाखवून हळूच विचारलं, “आणि माझी आई?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी पिशवी पायाशी होती, चिठ्ठी पिशवीत होती. आणि मी — नियमवाली, पत्रकवाली — मी म्हणाले, “सईनं लिहून दिलं तेवढंच मी छापलं. तिचं मराठी अजून कच्चं आहे ना, राहून गेलं असेल.”

किती सहज आलं ते तोंडातून. आणि किती सहज पटलं सगळ्यांना! काका हसले, म्हणाले, “आमच्या सईचं मराठी म्हणजे अर्धं पोटात.” काकू म्हणाल्या, “चालायचंच हो, शिकतेय पोर.” सई लाल झाली. “मी लिहिलं होतं, आय थिंक…” एवढं म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघितलं. तिचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून तिनं स्वतःवर अविश्वास ठेवला. नोराचा हात धरून तिनं इंग्रजीत माफी मागितली. तिनं न केलेल्या, मी केलेल्या चुकीची.

मी चहा प्यायले. दुसरा कपही घेतला.

नोरा येत राहिली, ब्रेडही आणत राहिली, पण चिठ्ठी पुन्हा दिली नाही. सईचे बुधवार आधी कामामुळे कॅन्सल झाले, मग आपोआपच बंद. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. गोडच बोलते. तिला अजून वाटतं की एका म्हातारीची आई तिच्या कच्च्या मराठीत हरवली.

मालिकेचा नवा सीझन आला आहे. बॉथेलमध्ये पुन्हा रविवार, पुन्हा रिमोटची ओढाओढ, पुन्हा मजा — खोटं कशाला सांगू, गेल्या आठवड्यात मी पुन्हा तावातावानं बोलले. काकू म्हणाल्या, पत्रक काढ ना गं. मी सईला म्हटलं, तू लिहिशील का? “तुला माहितीये ना,” ती हसत म्हणाली, “आय मेस इट अप.” हे तेवढं मराठीत सुरू केलं होतं तिनं.

जुळवलंय पत्रक. त्यात माझं म्हणणं नाही, मूठ नाही. चिठ्ठी आहे, सईच्या शब्दांत, सगळी. वरच्या चार ओळींखाली या चार:

‘पण माझी आई आजारी पडली तेव्हा दवाखान्यात जागा नव्हती. त्याने स्वतः फोन केला आणि जागा मिळाली. ती अजून अकरा वर्षे जगली. मला या माणसाची बाजू घेता येत नाही आणि सोडता पण येत नाही.’

चूक एकही नाही.

छापलेलं नाही अजून. आधी वाचून दाखवायचंय — पहिल्यांदा सईला, मग नोराला, सगळ्यांसमोर. ओळी कापल्या कुणी, तेही. आज रविवार आहे, पावणेतीन वाजलेत. मी काकूंच्या दाराशी आहे आणि चिठ्ठी या वेळी पिशवीत नाही, हातात आहे.