कोरं कापड पाणी पीत नाही

माझी धाकटी आत्या शिवणकाम करते. ती नुसती बसलेली मी कधी पाहिलेली नाही. जेवतानाही तिचा पाय पायडलवर असल्यासारखा हलत असतो. आमच्या नाटकाच्या दौऱ्यावर कपडेपट सांभाळायला ती आली, तेव्हा बसमध्ये सारखी जागा बदलणार हे मी धरूनच चालले होते. पण या वेळी ती मला कोपराने ढोसतही होती.

"झाड ठीक असेल ना गं?"

"तूच म्हणालीस बंदोबस्त केलाय म्हणून."

"केलाय ना! चोख केलाय." आणि पुन्हा कोपर.

झाड तिचं नव्हतं. फर्नची ती कुंडी थोरल्या आत्याची. त्यांच्या आईचं जुनं शिलाई मशीन धाकटीने मोडीत घातलं आणि मोटरवालं घेतलं, तेव्हापासून या बहिणींत अबोला. 'हिच्याकडे काही टिकत नाही,' हे थोरलीचं शेवटचं वाक्य. आणि परवा-परवा, लेकाकडे राहायला निघताना, ती कुंडी काखोटीला मारून धाकटीच्या दारात उभी! "माती सुकू द्यायची नाही," एवढंच बोलली आणि जिना उतरली. धाकटीने ती कुंडी अशी धरली, जणू तान्हं पोर कुणी हातात दिलंय.

त्यातच आमचा दौरा आला. शेजारी किल्ली द्यायची तर हिचा जीव जातो. "घरात गिऱ्हाइकांचे कपडे आहेत. बाई झाडाला पाणी घालायला येते आणि कपाट बघून जाते." म्हणून तिने मोरीत स्टुलावर पाण्याची बादली ठेवली, खाली कुंडी, आणि बादलीतून कुंडीच्या मातीत कापडाच्या लांब पट्ट्या सोडल्या. पट्टी पाणी ओढणार, माती ओली राहणार. दाराला कुलूप, किल्ली कमरेला.

पहिल्या मुक्कामी ती राजाच्या झग्याला नवं अस्तर लावत होती. आमचा राजा पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे धडपडला.

"अहो, महाराज! राज्य सांभाळता, ग्लास सांभाळता येईना?"

पुढचं बोलणं तिच्या तोंडातच राहिलं. अस्तरावर पडलेलं पाणी मुरलंच नव्हतं. थेंब मण्यांसारखे गोल होऊन कापडावर डुलत होते.

"मेले," आत्या म्हणाली.

"पुसून घेऊ की."

"अगं, पट्ट्या ह्याच ताग्यातल्या! कोरं कापड. खळ असते त्याला. धुतल्याशिवाय ते पाणी पीतच नाही!" आणि कपाळावर हात मारून घेतला. "जन्मभर गिऱ्हाइकांना दारातच सांगते, आधी भिजवून आणा, मग माप घेते. आणि मी?"

तिने इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याला फोन लावला. तो हौसेने आपली पाणी मारायची बाटली घेऊन वर गेला.

"मावशी, मोरीची जिन्याकडची खिडकी उघडतेय, पण जाळी आहे."

"जाळीतून मार!"

"मारतोय. सगळं माझ्याच तोंडावर येतंय."

"झाड दिसतंय का?"

"दिसतंय. मान टाकलीय." फोनवर सुस्कारा. "बादली मात्र काठोकाठ आहे हो. अगदी गच्च."

हे ऐकून ती जी उठली ती खाली टेकेना. प्रयोगात चुकीचा कोट चुकीच्या प्रधानाला चढवला. बटणं तोडून पुन्हा लावली. "थोरलीला सांग ना," मी म्हटलं, "ती कालच लेकाकडून परत आलीय."

"तिला? त्यापेक्षा मीच वाळून जाईन."

मग विंगेत येरझाऱ्या घातल्या, टाचणी टोचलेलं बोट चोखलं, आणि माझा फोन हिसकावून घेतला.

"ताई... मी. बादलीतून तुझ्या कुंडीत पाण्यासाठी पट्ट्या सोडल्या, त्या कोऱ्या कापडाच्या गं."

मी जवळच होते. थोरलीचा आवाज स्पष्ट आला, "आईने पहिलं काय शिकवलं होतं आपल्याला?"

"आधी भिजवायचं."

"मग?"

"विसरले."

"किल्ली?" थोरलीने विचारलं.

"माझ्या कमरेला."

"असणारच. कुलूप तोडू?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे गच्च मिटले. "तोड."

दौरा संपवून आम्ही परतलो, तर दार सताड उघडं. थोरली मशीनजवळच्या खुर्चीत बसलेली. फर्नचा पार खराटा झालेला. वाळलेली सगळी पानं छाटून उरलेले बुडखे, ओल्या चिंधीत गुंडाळलेले. आणि शेजारी कात्री.

"कापडाच्या कात्रीने छाटलंस?" धाकटी किंचाळली. ती कात्री आम्हा कुणाला कागद कापायलाही मिळत नाही.

"हातात सापडली ती घेतली."

"धार गेली असेल!"

"झाडाचा जीव गेला असता."

धाकटीने ओली चिंधी जराशी बाजूला करून हळूच विचारलं, "फुटेल का गं?"

"कुणास ठाऊक. खोड अजून टणक लागतंय."

"घेऊन जातेस?"

"काय नेऊ? खराटा?" थोरली उठली. दाराला नवं कुलूप लटकत होतं. तिने एक किल्ली टेबलावर ठेवली आणि दुसरी स्वतःच्या पिशवीत टाकली. "ही माझ्याकडे राहील. रोज येऊन बघेन. भरवसा नाही तुझा."

धाकटीने तोंड उघडलं, कपाटाकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

आता ती सकाळपासून मशीन मध्येच थांबवते आणि जिन्याकडे कान लावते. "आली का गं?" म्हणते. कुंडीत अजून काही फुटलेलं नाही.