अप्पांची आढी

आमचे चुलत सासरे अप्पा, त्यांच्याइतकी आंब्याची पारख निजामाच्या अख्ख्या मुलखात कुणाला नव्हती. शंका असेल तर त्यांनाच विचारायचं, तेही हेच सांगत. मुडबीच्या घरात गवतावर आंब्यांची आढी लागली की अप्पांचा मुक्काम तिथंच. एकेक आंबा देठाशी हुंगायचा, तळहातावर तोलायचा, मग कानाशी धरायचा. कानात तो काय सांगे ते त्या दोघांनाच ठाऊक. आंबे मागायला कुणी आलं की पहिला सवाल, "खाणार कोण?" दात किती, खाणार सकाळी की दुपारी, चोखून की पोळीशी, सगळं सांगावं लागे. एकदा तहसीलदारांचा चपराशी आला, तर साहेबांचे स्वतःचे दात किती ते विचारून यायला त्याला माघारी धाडलं. तो परतला तो, गुमान पाटी भरा, असा हुकूम घेऊन. अप्पांनी शांतपणे लोणच्याच्या कैऱ्या भरल्या. एवढ्या रागीट माणसाला पिकलेलं सोसत नाही, म्हणाले.

मी तेव्हा नवी सून, वय सतरा, आणि अक्कल एवढी की ठेवायला घरात जागा पुरत नसे. माहेरी चार झाडं होती, म्हणून आंबा मलाच कळतो अशी ठाम समजूत. आढीतल्या आंब्याला अंगठा लावायची मात्र घरात सगळ्यांना मनाई.

सगळ्या मुलखाला न भिणारे अप्पा एकाच पाटीला भीत. ती जाई अफजलपूरला, त्यांच्या थोरल्या बहिणीकडं, अक्कांकडं. आईमागं अप्पांना वाढवलं ते अक्कांनी. वर्षानुवर्षं भेट नाही, पण पाटी चुकली नाही. अक्कांना आवडणारे, बोटाला टणक लागणारे, आंबटगोड आंबे निवडून जात, आणि दर साली म्हातारा गडी निरोप आणी, "बरे हायत म्हनल्या." त्या 'बरे'पायी अप्पांना आठवडाभर आमटीत मीठ आहे की नाही ते कळत नसे.

त्या साली पाटी भरून अप्पा आंघोळीला गेले. मी म्हटलं, बघू तरी. एकेक आंबा काढला, अंगठ्यानं चांगला दाबला, जाणत्यासारखी मान हलवली आणि परत ठेवला. उन्हाळ्यातली दोन दिवसांची वाट. अंगठ्याच्या जागा काळ्या पडून आंबे पार लिबलिबीत झाले, हे गड्यानं परतल्यावर सगळ्यांदेखत सांगितलं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर नाकापर्यंत ओढला; अंगठा मात्र बाहेरच राहिला.

"आन् अक्का काय म्हनली?" त्यांनी गड्याला विचारलं.

"सहा आंबे चोखल्या बघा. रडायल्या व्हत्या. म्हनल्या, माझे दात गेल्यालं भावाला औंदा कळलं."

अप्पा आढीशेजारी खालीच बसले. साऱ्या मुलखाचे दात विचारणारा माणूस बहिणीला अजून तिच्या पोरवयातले आंबे धाडत होता.

पुढच्या साली पाटी बांधण्याआधी त्यांनी ती माझ्यापुढं सरकवली. "लाव अंगठा, पोरी," म्हणाले, "पन बेतानं."

आता दात माझेही नाहीत. नात येते ती टणक आंब्याच्या फोडी तिखटमीठ लावून घेऊन येते. मला आवडतात हे कधीकाळी मीच तिला सांगितलेलं. एरवी माझी जीभ कुणाला सोडत नाही. पण ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत असते, आणि मी फोड गालात धरून बसते.

"कशी हाय, आज्जी?"

"बरी हाय," म्हणते मी.